झोपेची राखण

झोपेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती तास झोपता? डॉक्टर हेच विचारतात, मनगटावरचं घड्याळ हेच मोजतं आणि सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा आरोग्याचा संदेशही तासांवरच येऊन थांबतो. आकड्यात चूक नाही. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, यावर या विषयातल्या तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. पण हा प्रश्न विचारताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो: झोप ज्याची त्याच्या हातात असते, त्याने मनावर घेतलं की झालं. मला ते पटत नाही.

चेन्नईत काही अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्न असलेल्या 452 जणांच्या मनगटाला झोप मोजणारं यंत्र बांधलं, तेव्हा दिसलं की ही माणसं रात्री आठ तास अंथरुणात असतात, पण त्यातले जेमतेम साडेपाच तासच झोपतात. वेळेवर पाठ टेकूनही अडीच तास नुसतं पडून राहणं, कूस बदलणं, उठून बसणं. उकाडा, डास, रस्त्यावरची वर्दळ, दाटीवाटी, अंगदुखी, उद्याची काळजी. त्यांना डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या, कानात घालायचे बोळे, पंखे, गाद्या दिल्या, झोपेचं महत्त्व समजावलं, काहींना जास्त झोपल्याबद्दल पैसेसुद्धा दिले. तेव्हा कुठे झोप सरासरी 27 मिनिटांनी वाढली, आणि तीही मुख्यतः जास्त वेळ पडून राहिल्यामुळे. तुटक झोपेचा तुटकपणा काही गेला नाही.

आता या माणसांना "रोज आठ तास झोपत जा" असं सांगून काय साधणार आहे? ते आठ तास देतच आहेत. झोप लागते ती घर, शेजार, कामाची पाळी, गल्लीतला आवाज, नळाला पाणी यायची वेळ या सगळ्यांचं जमलं तर. शांत झोपलेल्या माणसाच्या झोपेची कोणीतरी राखण करत असतं. हे मी लहानपणी फार जवळून पाहिलं आहे.

आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते आणि बरीच वर्षं त्यांना तिसरी पाळी होती. रात्री बाराला सुरू व्हायची, सकाळी सातला सुटायची. खोली दहा बाय बाराची, माणसं सहा. अण्णा साडेसातच्या सुमारास यायचे, मोरीत अंघोळ करायचे, चहा-भाकरी खायचे आणि माळ्यावर जाणाऱ्या शिडीच्या मागच्या कोपऱ्यात आडवे व्हायचे. त्याच वेळी चाळीला जाग आलेली असायची. नळावर हंडे, जिन्यात मुलांची धावपळ, खाली भाजीवाला. झोपायला याहून वाईट वेळ आणि जागा शोधून सापडली नसती.

आईने त्या खोलीचं काय केलं होतं ते सांगते. दाराच्या कडीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असायची, म्हणजे कडी लावताना खळ्ळकन वाजू नये. मांडणीतल्या भांड्यांखाली गोणपाटाच्या घड्या. खिडकीला कांबळं. स्टोव्ह एकदा पेटला की त्याची घरघर थांबत नाही, म्हणून दुपारचा स्वयंपाकसुद्धा अण्णा यायच्या आत उरकलेला. दुपारी आम्हाला चहा लागायचा तो समोरच्या काकू त्यांच्या स्टोव्हवर करून द्यायच्या. काकूंकडे पहिली पाळी होती, त्यांचं दुपारचं घर मोकळं असायचं. मसाला कुटायचा तर शेजारणी तीन वाजायची वाट पाहायच्या. गॅलरीत क्रिकेट रंगात आलं की कोणीतरी नुसतं "अण्णा झोपलेत" म्हणायचं, आणि मुलं बॅट उचलून चौकात जायची. हे फक्त आमच्यासाठी होतं असं नाही. कोणाच्या खोलीत कोणती पाळी आहे हे सगळ्या मजल्याला पाठ होतं आणि पाळी बदलली की मजल्याची वहिवाट बदलायची. पोस्टमनसुद्धा आमच्या दारात हाक न मारता पत्र फटीतून सरकवायचा.

एवढं करूनही अण्णांना दिवसा चार-पाच तासांच्या वर झोप लागली नाही. बाराच्या सुमाराला डोळे उघडायचे. मग पंचा तोंडावर घेऊन पडून राहायचे. आई म्हणायची, ह्यांची झोपच हलकी. त्यामागचं कारण मला पुष्कळ वर्षांनी, झोपेवर वाचायला लागल्यावर कळलं, आणि खूप वाईट वाटलं. अण्णांच्या शरीराची काही चूक नव्हती. ते अगदी नेमाने चाललं होतं.

झोप दोन गोष्टींवर चालते, असं अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने 1982 मध्ये मांडलं आणि आजही हाच आराखडा वापरला जातो. एक म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. आपण जागे असतो तोवर मेंदूत अडेनोसीन नावाचं द्रव्य साठत जातं आणि डोळे जड होतात. झोपलो की त्याचा निचरा होतो. चहा-कॉफीतलं कॅफिन या अडेनोसीनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. दाब तसाच असतो, आपल्याला तो जाणवत नाही एवढंच. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वरच्या अंगाला पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो साधारण चोवीस तासांच्या तालावर चालतो आणि रोज उजेड पाहून स्वतःला जुळवून घेतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं.

अण्णांच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. पहाटे चार-पाचला शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं, सगळं शरीर झोप मागत असतं, आणि त्या वेळी ते साच्यावर उभे. सकाळी घरी येताना कोवळं ऊन थेट डोळ्यांत. त्या उजेडाने मेंदूतल्या घड्याळाला पक्कं सांगितलं की दिवस उगवला. रात्रभराच्या जागरणाचा दाब असल्यामुळे पाठ टेकताच झोप लागायची, पण चार तासांत दाब उतरला की घड्याळ त्यांना उठवायचं. आईच्या चिंध्या आणि गोणपाट बाहेरचा आवाज अडवू शकत होते. आतलं घड्याळ अडवणं कोणाच्याच हातात नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये, आणि फेरविचार करून 2019 मध्ये पुन्हा, रात्रपाळीचं काम "माणसात कर्करोगाला बहुधा कारणीभूत" अशा गटात ठेवलं आहे. अण्णांना पुढे रक्तदाब आणि पित्त दोन्ही मागे लागलं. एकाच माणसाच्या दुखण्याचं खापर एकाच कारणावर फोडता येत नाही हे मला कळतं. पण रात्रपाळी करणाऱ्या माणसाची किंमत पगाराच्या पावतीवर कधीच पूर्ण लिहिलेली नसते.

गिरण्या गेल्या, पाळ्या राहिल्या. आज नर्स, वॉचमन, आयटीतली मुलं, टोलनाक्यावरची माणसं, रात्रीच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर हे सगळे तिसऱ्या पाळीतच आहेत. त्यांच्यासाठी ज्याचा खरोखर उपयोग होतो ते इथेच सांगते. पाळीवर जायच्या आधी संध्याकाळी तास-दीड तास झोप काढावी. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यात संपवावी, कारण प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सकाळी परतताना, स्वतः गाडी चालवायची नसेल तर, काळा चष्मा लावावा. घरी येऊन फोन न उघडता अंधार करून झोपावं. आणि घरच्यांनी त्या झोपेला रात्रीच्या झोपेचा मान द्यावा. सकाळी अकराला बेल वाजवून "झोपला होतास का रे?" असं विचारणं म्हणजे पहाटे तीनला उठवण्यासारखंच आहे.

झोप मोडली की शरीराचं काय होतं, यावर ढिगाने लिहिलं गेलं आहे. त्यातलं मला सगळ्यात जास्त हलवून गेलेलं तेवढं सांगते. 1999 मध्ये एका प्रयोगात 11 निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं. एवढ्यातच त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद स्पष्ट घसरली. 2009 मध्ये 153 जणांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. आधीचे दोन आठवडे सात तासांपेक्षा कमी झोपलेल्यांना सर्दी होण्याचं प्रमाण आठ तास वा जास्त झोपलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. आणि 2003 चा एक प्रयोग तर प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन आठवडे रोज सहा तास झोपलेल्या माणसांचं लक्ष आणि स्मरण रात्रभर जागलेल्या माणसांइतकं ढासळलं. त्यांना मात्र तसं फारसं जाणवत नव्हतं. आपण ठीक आहोत, थोडी झोप येते एवढंच, असं ते सांगत होते. "मला पाच तास पुरतात" असं ठासून सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. ज्या मेंदूने अंदाज घ्यायचा तोच दमलेला असतो.

तासांइतकंच महत्त्व झोपेच्या सलगपणाला आहे. रात्र साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी पुढे सरकते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात असतो, डोळे भिरभिरणाऱ्या स्वप्नांच्या झोपेचा पहाटेकडे. म्हणजे साखरझोपेला उगाच तेवढं गोड नाव पडलेलं नाही. ती कापली की स्वप्नांची झोप कापली जाते. आणि झोप मध्येमध्ये तुटत राहिली तर आठ तास भरूनही अंग आंबलेलंच राहतं.

माझ्या भावाचं असंच झालं होतं. तो घोरायचा, पहिल्यापासून. आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोपेची खूण, वर थट्टेचा विषय. लग्नाकार्यात सगळे एका हॉलमध्ये झोपलो की सकाळी त्याच्या घोरण्याच्या नकला व्हायच्या. तो दिवसा मात्र पेंगायचा. लोकलमध्ये उभ्याउभ्या, जेवताजेवता. सकाळी डोकं दुखायचं. रक्तदाबाच्या गोळ्या वाढत गेल्या तरी दाब उतरत नव्हता. वहिनीच्या लक्षात आलं ते वेगळंच होतं. त्या मला म्हणाल्या, "ताई, घोरण्याचं काही नाही हो, मला भीती वाटते ती घोरणं थांबतं तेव्हा." त्या रात्री जागून ऐकायच्या. मोठं घोरणं, मग एकदम शांतता, श्वासच नाही, आणि मग गुदमरून दचकल्यासारखा एक मोठा श्वास. मग पुन्हा तेच.

डॉक्टरांकडे वहिनी आग्रहाने सोबत गेल्या म्हणून निदान झालं. भाऊ एकटा गेला असता तर "झोप छान लागते" एवढंच सांगून आला असता. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन वाट उघडतो, आणि माणसाला यातलं काहीच आठवत नाही. श्वास किमान दहा सेकंद अडला की ती एक वेळ मोजतात. तासात तीसच्या वर गेलं की आजार गंभीर. भावाचा आकडा त्याच्या पुष्कळ पुढे होता. आता तो रात्री नाकावर मुखवटा लावून झोपतो. हवेच्या हलक्या दाबाने वाट उघडी ठेवणारं हे सीपॅप यंत्र 1981 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी प्रथम जगासमोर मांडलं. पहिले काही दिवस त्याला मुखवटा नको वाटायचा, गुदमरायला व्हायचं. वहिनी शेजारी बसून पट्टे सैल-घट्ट करून द्यायच्या. महिन्याभरात दिवसाची पेंग गेली. तुमच्या घरात कोणी असं थांबूनथांबून घोरत असेल तर नक्कल करू नका, फोनवर आवाज टिपून घ्या आणि डॉक्टरांना ऐकवा. हा आजार शेजारी झोपणाऱ्यालाच दिसतो.

माझी स्वतःची झोप पन्नाशीच्या आसपास बिघडली. रजोनिवृत्तीच्या काळात रात्री दोन-अडीचला अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन जाग यायची, उशी भिजलेली असायची. यावर बायका आपापसांतसुद्धा कमी बोलतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. जाग येणं हा त्रासाचा एक भाग होता. त्याहून जड होता तो त्यानंतरचा: आता झोप लागणार नाही ही धास्ती. संध्याकाळचे आठ वाजले की मला अंथरुणाचीच भीती वाटायला लागायची. झोपेचं असंच आहे, तिच्या मागे लागलं की ती लांब जाते.

माझ्या डॉक्टरांनी गोळीआधी मला सीबीटी-आय नावाची, झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलायची पद्धत समजावली. बऱ्याच दिवसांच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून हीच वापरावी अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये केली आहे. तिची हाडं अगदी साधी आहेत, पण पाळायला धीर लागतो. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच, रविवारीही. अंथरूण झोपेसाठीच, त्यावर बसून फोन, हिशेब, मालिका नाही. वीसएक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी साधं करायचं, डोळे जड झाले की परत यायचं, पुन्हा नाही आली तर पुन्हा उठायचं. घड्याळाकडे पाहायचं नाही. आणि सगळ्यात उलटं वाटणारा नियम: जेवढी झोप प्रत्यक्ष लागते तेवढाच वेळ सुरुवातीला अंथरुणात राहायचं, म्हणजे झोपेचा दाब साठतो, आणि मग हळूहळू वेळ वाढवायचा. हा शेवटचा भाग मात्र डॉक्टरांना विचारूनच करावा. अपस्मार असणाऱ्यांनी, मनोविकारांवर उपचार चालू असणाऱ्यांनी, दिवसभर वाहन चालवणाऱ्यांनी तर नक्कीच.

याने मला गुण आला. पण नियम मी एकटीने पाळले असते तर टिकले नसते. हॉलमधला टीव्ही दहाला बंद व्हायला लागला, कारण मला रात्री उठून बसायला ती खोली लागणार होती. नवऱ्याने तिथे एक छोटा पिवळा दिवा लावून ठेवला, खुर्चीवर शाल. आणि घरातल्यांनी सकाळी "झोप लागली का?" विचारणं थांबवलं. हे फार मोठं होतं. तो प्रश्न प्रेमापोटीच असतो, पण रोज उत्तर द्यायचं आहे म्हटलं की रात्रीची परीक्षा होते. जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ सुती चादरी आल्या, एक भिजली की दुसरी घ्यायला.

आईने मात्र तिचा उपाय सोडला नाही. ती आली की रात्री काशाची वाटी आणि खोबरेल घेऊन माझे तळपाय चोळायची. आयुर्वेदातल्या वाग्भटाने अभ्यंग सांगताना झोप चांगली लागते हा त्याचा एक गुण दिला आहे आणि डोकं, कान, पाय यांना तेल विशेष करून लावावं असं म्हटलं आहे. 1999 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की हातपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून ते उबदार झाले की झोप लवकर लागते. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ती उष्णता हातापायांच्या वाटेने बाहेर पडते. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ केल्यावर झोप बरी लागते तीही याचमुळे. काशाचा धातूच काही करतो असा माझा दावा नाही. चोळण्याची ऊब आणि आईचा हात एवढं मला पुरेसं आहे.

झोपेच्या गोळ्यांबद्दल एवढंच: त्या वाईट नाहीत, डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिल्या तर आधार होतात. शेजारणीच्या पाकिटातली गोळी मात्र घेऊ नये. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही औषधं आपल्याकडे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे ती सवय लागते म्हणूनच. म्हाताऱ्या माणसांचा त्यांनी रात्री तोल जातो, पडून हाडं मोडतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटून जाते.

घरातल्या मुलांविषयी बोलायला हवं. 2024 च्या फेब्रुवारीत राज्याच्या शिक्षण विभागाने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. चांगलंच केलं. पण ज्यांच्या शरीराचं घड्याळ वयामुळेच पुढे सरकलेलं असतं ती मुलं चौथीतली नाहीत, आठवी ते बारावीतली आहेत. वयात येताना मेलॅटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक, रात्री उशिरा पाझरायला लागतं, झोप उशिरा येते आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं म्हटलं. आपण त्याच मुलांना सहाच्या क्लासला पाठवतो, रात्री अकराला क्लासच्या गृहपाठाला बसवतो आणि वर आळशी म्हणतो. दिवसभर शिकलेलं पक्कं बसतं ते झोपेत. बारावीच्या मुलाची झोप कापून त्याला अभ्यासाला बसवणं म्हणजे पेरलेलं उकरून काढणं आहे.

दुपारच्या झोपेला तर आपण उगाच बदनाम केलं आहे. चरकाने सरसकट दिवसा झोपू नये असं सांगितलं, पण कोणाला चालेल याची यादी मात्र फार माणुसकीने केली आहे: ओझी वाहून दमलेले, चालून थकलेले, अभ्यासाने शिणलेले, म्हातारे, मुलं, शोकाने किंवा भीतीने ग्रासलेले. उन्हाळ्यात तर सगळ्यांनाच. त्या चेन्नईच्या अभ्यासाचा दुसरा भाग इथे आठवतो. रात्रीची झोप 27 मिनिटांनी वाढूनही त्या माणसांच्या कामात किंवा आरोग्यात मोजण्यासारखा फरक दिसला नाही. पण कामाच्या ठिकाणी, शांत जागेत, दुपारी अर्धा तास झोपायची सोय दिली तेव्हा काम सुधारलं, लक्ष सुधारलं, मन बरं राहिलं. चांगली झोप मिळायला चांगली जागा लागते, हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे वाचलं नाही. दुकानाच्या मागे चटई टाकून पडलेल्या नोकराला हटकणाऱ्या मालकांनी हे वाचावं. वामकुक्षी वीस-तीस मिनिटांची आणि तीनच्या आत असावी, म्हणजे रात्रीच्या झोपेला धक्का लागत नाही.

आवाजाचा कायदा आपल्याकडे आहे. 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. निवासी भागात तेव्हा 45 डेसिबलची मर्यादा, उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी, आणि वर्षातले मोजके दिवस सरकारने ठरवले तर बारापर्यंत सवलत. गणपतीत नाचून मी मोठी झाले आहे, उत्सव मला प्यारे आहेत. पण झोपलेल्या माणसाचे कान उघडेच असतात. तो उठला नाही तरी आवाजाने त्याचे ठोके वाढतात. आमच्या चाळीत हा नियम कोणी वाचलेला नव्हता, तरी पाळला जात होता.

आणि बायकांची झोप. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसातली 299 मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. ही मिनिटं पहाट आणि रात्र कुरतडूनच निघतात. घरात सगळ्यात शेवटी झोपणारी आणि सगळ्यात आधी उठणारी व्यक्ती कोण, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत नळाला पाणी पहाटे चारला येतं आणि साडेपाचला जातं. रात्रीची भांडी आटोपून पडायला त्यांना साडेअकरा होतात. गेल्या वर्षी चक्कर येऊन पडल्या, दवाखान्यात साखर वाढलेली निघाली आणि कागदावर औषधांच्या खाली लिहून मिळालं: पुरेशी झोप घ्या. तो कागद त्यांनी मला वाचायला दिला आणि विचारलं, "ताई, ही कुठून घ्यायची?" त्यावर मी पाठ केलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. आता त्यांच्या घरात सोमवार ते बुधवार पाण्याला मुलगा उठतो, पुढचे दिवस नवरा. पिंपाला बॉलकॉक बसवला आहे म्हणून भरल्यावर पाणी आपोआप थांबतं, राखत बसावं लागत नाही. मावशी साडेपाचपर्यंत झोपतात. दुपारी आमच्याकडे काम संपलं की आतल्या खोलीत पंख्याखाली अर्धा तास पाठ टेकतात, तेव्हा मी फोन सायलेंटवर टाकते आणि दाराची बेल बंद करते.

वस्तीतल्या बायकांनी मिळून पाणी खात्याला अर्ज केला आहे: पाणी चारऐवजी सहाला सोडा. मसुदा लिहायला त्या आमच्याकडे जमल्या होत्या. कारण म्हणून आधी "महिलांची गैरसोय होते" असं लिहिलं होतं. मावशींनी ते खोडायला लावलं आणि "झोप होत नाही, त्यामुळे तब्येत बिघडते" असं लिहून घेतलं. खाली सह्यांना दोन पानं जोडावी लागली. उत्तर अजून आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं ठरलं आहे.